पावसाळ्यात माशांच्या खाद्यात अळ्या: वाळवणीकडे लक्ष द्या

माशांच्या खाद्यात फिशमीलऐवजी वापरता येणाऱ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या पावसाळ्यात वाढतात चांगल्या, बिघडतात त्या काढणीनंतर.

वाढीसाठी भाजीपाला, फळांचा चोथा किंवा धान्याचा कोंडा वापरावा. शेण, मांसाचा कचरा आणि कीटकनाशक नुकतेच फवारलेला पाला टाळावा. कॅडमियमसारखे धातू अळ्यांच्या अंगात साठतात, तेव्हा कचरा कुठून येतो याची चौकशी आधी करावी. ४० बाय ६० सेंमीच्या क्रेटमध्ये पाच दिवसांच्या १०,००० अळ्यांना बारा दिवसांत साधारण १५ किलो ओला कचरा लागतो. तो तीन वेळा विभागून घालावा. मूठभर कचरा दाबल्यावर दोन-चार थेंबच निघावेत. धार लागली तर खाली हवा पोचत नाही, वास सुटतो आणि अळ्या ओल्या भिंतींवरून बाहेर चढतात. अशा वेळी कोरडा कोंडा मिसळावा. रबडीसारखा माल काढणीच्या वेळी अळ्या वेगळ्या करताना चाळणीतून पडतही नाही. ढगाळ दिवसांत अंडी देणाऱ्या प्रौढ माश्यांचे मीलन कमी होऊन अंडी घटतात, म्हणून त्यांच्या पिंजऱ्यावर पांढरे एलईडी दिवे लावावेत.

अळ्या पांढरट-पिवळसर असतानाच काढाव्यात. काळपट झाल्या की कवच जाड होते, कायटिन (कवचातला कठीण पदार्थ) व कॅल्शियम वाढते आणि माशांना त्या कमी पचतात. धुऊन उकळत्या पाण्यात २-३ मिनिटे बुडवाव्यात, निथळून ६० ते ७० अंश सेल्सिअसला ड्रायरमध्ये वाळवाव्यात. या हंगामात उन्हावर विसंबू नये. वरून कडक दिसणारी अळी मोडून पाहावी: कट्‌कन तुटली तर ठीक, आत मऊ पिवळा गर दिसला तर परत ड्रायरमध्ये घालावी. १० किलो ताज्या अळ्यांचा वाळलेला माल ३ ते ४ किलोच्या आसपास भरला पाहिजे. ५ भरला तर वरचे वजन पाण्याचेच, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. चरबी २५ ते ३५ टक्के असल्याने वाळलेल्या अळ्या दळून केलेली भुकटी लवकर खवट होते. हवाबंद ठेवून महिन्याभरात संपवावी. खवट वास आलेली भुकटी चांगल्या खाद्यात मिसळून खपवू नये.

आता मिश्रण. १०० किलो खाद्यात २० किलो फिशमील (वाळवलेल्या माशांची भुकटी) असेल, तर आधी ५ किलोच कमी करावे. ६० टक्के प्रथिनांच्या हिशेबाने त्यातून ३ किलो प्रथिने जातात. चरबी न काढलेल्या अळ्यांच्या भुकटीत प्रथिने ४० टक्के धरली, तर साडेसात किलो लागेल. वाढलेले अडीच किलो गव्हाच्या कोंड्यातून वजा करावेत. या बदलाने चरबी सुमारे पावणेदोन किलोने वाढते, तेवढे वनस्पती तेल कमी करावे, नाहीतर गोळी नीट बांधली जात नाही. माशांचे तेल मात्र काढू नये: या अळ्यांत ओमेगा-३ फारच कमी असते. मेथिओनिन (प्रथिनांतले एक आवश्यक अमिनो आम्ल) हेही तपासावे. संपूर्ण फिशमील एकदम बदलण्याची घाई आम्हाला पटत नाही.

तिलापिया आणि कार्पला नवे खाद्य पहिल्या आठवड्यात जुन्यात चौथा हिस्सा मिसळून द्यावे. चेक ट्रे (खाद्य तपासण्यासाठी पाण्यात ठेवलेले ताट) दोन तासांनी उचलून उरलेल्या गोळ्या पाहाव्यात. अगदी लहान पिलांना ही भुकटी सध्या नको. ढगाळ सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर खाद्य थांबवून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवावा. अशा वेळी पडलेले खाद्य तळाशी कुजून उरलासुरला ऑक्सिजनही खाते.