मिनी ट्रॅक्टर पिकअपवर नाहीतर ट्रेलरवर चढवताना आणि बांधताना

उसाच्या भरणीच्या (उसाला माती लावायच्या) टायमाला बेळगाव भागात निपाणी, चिकोडी, हुक्केरी सगळीकडं मिनी ट्रॅक्टर एका गावातनं दुसऱ्या गावाला घालून न्यायचं चालू असतंय. लोकांना वाटतंय धोका हायवेला, खरं जास्त भ्या चढवताना हाय, म्हणून आधी तेच सांगतो.

वजन बघा पहिला. २०-२५ एचपीचा ट्रॅक्टर मॉडेलप्रमाणं साधारण ६०० ते १००० किलो भरतो, रोटर म्हणजे मागं लावायचा रोटाव्हेटर असला की वर आणि दोनेकशे किलो, टायरात पाणी असलं तर ते वेगळंच. गाडी तेवढं पेलती काय ते आरसी बघून ठरवा, नुसता हौद्यात (गाडीच्या मागच्या माल भरायच्या भागात) मावतोय म्हणून छोटा हत्तीत घालू नका.

जागा सपाट आणि कडक पाहिजे. शेताचा बांध बरोबर हौद्याच्या उंचीचा मिळाला तर चढवायच्या फळ्या जवळजवळ आडव्या पडतात, त्यापेक्षा चांगलं काय नाही, फक्त पावसात बांधाची कड ढासळती तेवढं तुडवून बघा. बांध नसला तर फळ्या लांब घ्या. हौदा अडीच फूट उंच धरला तर ८ फुटी फळीला १८ डिग्रीचा चढ होतो, १० फुटीला साडेचौदाच. फळ्या लोखंडी, आडव्या पट्ट्या मारलेल्या, आणि वरचं टोक साखळीनं गाडीला बांधलेलं पाहिजे, नाहीतर चाक ढकलतंय आणि फळी मागं सरकून पडती. खानापूर बाजूची लाल माती ओली असली तर टायर आधी खरवडून काढा, लोखंडावर ती साबणासारखी घसरती.

आता एक गोष्ट बरेच जण विसरतात. ट्रॅक्टरचं वजन ट्रेलरच्या शेपटावर आलं की शेपूट खाली बसतंय आणि हूक वर उचलतोय, त्यासोबत ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी होतात, आणि हॅंडब्रेक त्याच चाकांना असतोय, मग सगळंच पुढं घरंगळतंय. म्हणून शेपटाखाली ओंडका नाहीतर जॅक द्या, गाडीच्या आणि ट्रेलरच्या चाकांना पुढून मागून उटी (चाक अडवायचे ठोकळे) लावा, आणि ट्रेलरचा हूक गाडीपासनं सोडून कधीच चढवू नका.

चढवायचा रिव्हर्समध्ये. ट्रॅक्टरचं जड मागचं असतंय, सरळ तोंडानं चढवला आणि मागची चाकं जोरात फिरली की पुढचं तोंड वर येऊन ड्रायव्हरच्या अंगावर पलटतोय. लो गिअर, फोर व्हील चालू, दोन्ही ब्रेक पेडल लॉकनं जोडलेले, आणि फळीवर गेल्यावर क्लच दाबायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही. वाकडा झाला तर खाली उतरवून परत लावा. बाजूला कोणी उभं राहायचं नाही, हात दाखवणारा एकच आणि तो लांब. इंजिनच्या आवाजात मराठी असू दे नाहीतर कन्नड, काय ऐकू येत नाही, खुणा आधीच ठरवा.

ट्रेलर असला तर थोडं जास्त वजन चाकांच्या पुढं, हुकाकडं राहील असा उभा करा, नाहीतर स्पीडला ट्रेलर डावं-उजवं हेलकावे खातोय.

मग गिअरमध्ये ठेवा, हॅंडब्रेक ओढा, रोटर खाली टेकवा, चावी काढा. बांधायला नायलॉनची दोरी नको, ती ताणती. रॅचेट बेल्ट (दांडा हलवून आवळायचा पट्टा) नाहीतर साखळी, चारी कोपऱ्यांना वेगवेगळी, दोन पुढं ओढणाऱ्या दोन मागं ओढणाऱ्या. बेल्टच्या टॅगवर किती किलो धरतोय ते लिहिलेलं असतंय, टॅग नसला तर तो बेल्ट घेऊच नका. पुढं बंपर किंवा वेट लावायच्या ब्रॅकेटला, मागं ड्रॉबारला बांधा. स्टिअरिंगचा रॉड, हायड्रोलिकचे पाईप, लिफ्टचे हात ह्यांना अजिबात नाही. दुसरं टोक चेसिसच्या कड्याला, फाळक्याला (हौद्याच्या उघडझाप फळीला) नव्हं. रोटरला वेगळा बेल्ट. ट्रॅक्टरवर छत्री असली तर काढून ठेवा, आणि सीटवर पोरं बसवून न्यायचं बंद करा राव.

दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून बेल्ट परत आवळा, टायर दबून ते सैल पडतातच. निपाणीजवळचा तवंदी घाट लागणार असला तर घाटाच्या अलीकडंच.

उतरवताना बेल्ट सोडायच्या आधी उटी आणि ओंडका परत लावा, मग लो फर्स्टमध्ये फोर व्हील ठेवूनच तोंडानं खाली. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरवणारे पण बघितल्यात, तसलं करू नका.