शहरात नवीन पोस्टिंग मिळालेल्या पोलीस शिपायाने ड्युटीवर कसं वागायचं

ट्रेनिंग सेंटरला कायद्याचा तास असतो तेव्हा सकाळच्या पीटीने अंग मोडलेलं असतं, अर्धा वर्ग डुलक्या काढतो आणि कलमं पाठ होतात ती परीक्षेपुरती. मग शहरात पोस्टिंग येतं, हजेरी मास्तर काउंटरला मदतनीस म्हणून नाव टाकतो आणि समोर एक माणूस येऊन उभा राहतो, साहेब माझी गाडी गेली. तिथे कुणी कलम विचारत नाही, तुम्ही काय करता तेवढंच बघतात. म्हणून हे लिहितोय, महाराष्ट्रात कुठल्याही आयुक्तालयात नव्याने हजर झालेल्या पोरापोरींसाठी. माझं म्हणणं एवढंच की नियमाप्रमाणे वागलात आणि त्याची नोंद ठेवलीत तरच उद्या चौकशी लागल्यावर तुमच्या हातात काहीतरी असतं, तोंडी आदेश देणारे साहेब तोवर बदली होऊन गेलेले असतात.

पहिलं म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ हा आपला मूळ कायदा, आधी याचंच नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं. यातली सगळी कलमं नका वाचू हवं तर, पण २८, ६४ आणि ६६ ही तीन एकदा शांत बसून वाचाच. २८ म्हणतं की तुम्ही कायम ड्युटीवर आहात असं धरलं जाईल, म्हणजे साप्ताहिक सुट्टीला घरी निघालात आणि डोळ्यांसमोर कुणी कुणाला चाकू दाखवला तर मी आज ऑफ आहे असं म्हणता येत नाही. ६४ मध्ये आपली कामं आहेत, समन्स वॉरंट बजावणं, दखलपात्र (ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याची माहिती काढून वरिष्ठांना कळवणं, गुन्हा होण्याआधी थांबवणं वगैरे. आणि ६६ वाचून तर बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण त्यात लिहिलंय की रस्त्यावर असहाय किंवा अपंग माणूस दिसला तर जमेल ती मदत करायची, अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर त्याला मदत मिळवून द्यायची, झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करायचा नाही, बायकामुलांशी सभ्यपणे आणि सौम्यपणे वागायचं. लोकांना वाटतं की चांगलं वागणं ही आपली मेहरबानी आहे, अहो कलम आहे ते.

युनिफॉर्मचं फार सांगत नाही, टर्नआउट शिकवलेलंच असतं. फक्त नेमप्लेट. पावसाळ्यात रेनकोट चढवला की नाव झाकलं जातं, बंदोबस्तात जॅकेटखाली जातं, आणि काही हुशार लोक मुद्दाम काढून खिशात ठेवतात. अटक करताना तर नाव स्पष्ट दिसलंच पाहिजे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३६ मध्ये आहे. कुणी नाव किंवा बक्कल नंबर (तुमचा शिपाई क्रमांक) विचारला तर सांगायचा, चिडायचं कशाला, छातीवर लावलेलंच आहे ना ते.

काउंटरचं काम

इथे जरा वेळ देतो कारण लोकांचं पोलिसांबद्दलचं मत इथेच बनतं, आणि गडबडी पण इथेच होतात.

समजा एक काका आले, बसमध्ये चढताना मोबाईल मारला म्हणतात, घाम पुसतायत, शर्टाचा खिसा ओढून दाखवतायत. तुमच्या बाजूला बसलेला अनुभवी माणूस न बघताच म्हणतो गहाळचा दाखला देऊन टाक. काका म्हणतात अहो गहाळ नाही झाला, चोरला. आता हा जो प्रकार आहे ना, चोरीचं गहाळ करणं, यामुळे त्या दिवशी एक गुन्हा कमी दिसतो खरा, पण उद्या तोच हँडसेट कुठल्यातरी भानगडीत सापडला की तो चोरीला गेला होता हे सांगायला कागदच नसतो. माणूस जे सांगतोय तेच लिहायचं. चोरी म्हणतोय तर चोरी, हरवला म्हणतोय तर हरवला, आणि दोन्ही वेळेला आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख नंबर) घ्या आणि सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक कसा करायचा ते त्यांना सांगा, निम्म्या लोकांना माहीत नसतं. हां, ५ हजारांच्या आतली चोरी नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र झाली आहे, त्याची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होईल, पण म्हणजे हाकलून द्यायचं असं नाही.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात एफआयआरचं कलम १५४ होतं ते आता १७३ झालंय. हद्दीचा वाद तर डोक्यातून काढूनच टाका. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र आहे तर झिरो नंबरने, म्हणजे हद्द न बघता, नोंदवून त्या हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करायचा. पुलाच्या या बाजूला आमची हद्द नाही, पलीकडच्या चौकीला जा, हे ऐकून माणूस तीन ठिकाणी फिरतो आणि तोवर आरोपी गाव सोडतो. मेल किंवा ऑनलाइन तक्रार आली तरी चालते, फक्त तक्रारदाराने ३ दिवसांत येऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट द्यायची, झेरॉक्सचे पैसे मागायचे नाहीत. ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेचे गुन्हे असतील तर वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, पण तो निर्णय काउंटरचा नाही, तुम्ही परस्पर चौकशी करून बघू असं म्हणायचं नाही.

आणि बलात्कार, ॲसिड हल्ला असल्या गुन्ह्यांत माहिती नोंदवूनच घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम १९९ खाली पोलिसालाच ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी आहे. लैंगिक गुन्ह्यात बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, त्यामुळे अशी कुणी आली की तिला काउंटरवर सगळ्यांसमोर काय झालं ते विचारत बसू नका, आत बसवा, पाणी द्या, मॅडमना बोलवा, एवढंच तुमचं काम. मुलगी लहान असेल तर पोक्सोप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेतात, आणि जबाब घेणारा युनिफॉर्ममध्ये नको. कुठल्याही मुलाला काहीही कारणाने रात्रभर पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही. १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली तर मिसिंगमध्ये टाकून उद्या या सांगू नका, अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय.

साक्षीदाराला चौकीवर बोलावण्याची आपल्याला फार सवय. पण बाई, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या वरचा माणूस, अपंग किंवा खूप आजारी व्यक्ती यांच्याकडे आपण जायचं, ते आपल्याकडे येणार नाहीत, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. त्यांना स्वतःलाच यायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि साक्षीदाराने पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही घेत नाहीत, नवीन माणूस हमखास कागद पुढे सरकवतो सही करा म्हणून.

कुणाला उचलून आणायला सांगितलं तर

आधी विचारा की अटक आहे, नोटीस आहे की नुसती चौकशी. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून चालत आलंय. ३ वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस ६० च्या वरचा किंवा अशक्त असेल तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे शहरात एसीपींची आधी परवानगी लागते. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक नाही, फारच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी दोन्ही लागतं.

अटक केलीच तर अटक पंचनाम्यावर घरचा किंवा त्या भागातला एक साक्षीदार, आरोपीची सही, घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवलं त्याची नोंद, अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी, वकिलाला भेटू देणं, मेडिकल, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टात हजर. यातलं बरंचसं डी. के. बसू प्रकरणात १९९६ ला सुप्रीम कोर्टाने घालून दिलं होतं, आता कायद्यातच आलंय. २४ तास मोजताना एक लबाडी चालते, माणूस सकाळी आणायचा आणि अटक रात्री दाखवायची. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानंतर पोलीस स्टेशनमध्ये गेटपासून लॉकअपपर्यंत सीसीटीव्ही लागलेत, माणूस किती वाजता आत आला ते त्या डीव्हीआरमध्ये असतं आणि त्याचा हात धरून आणणारे तुम्ही पण त्यात असता. हाच मुद्दा मारहाणीचा. कुणी कितीही म्हणू दे दोन लावून दे म्हणजे बोलेल, लॉकअपमध्ये माणूस मेला की सीआयडी येते, मॅजिस्ट्रेट चौकशी लागते आणि तेव्हा दोन लाव म्हणणारा मी असं म्हणालोच नव्हतो म्हणतो.

अंगझडतीत मिळालेली प्रत्येक वस्तू लिहायची, अगदी काडेपेटी, लोकलचा पास, २० ची फाटकी नोट. अंगठी असेल तर सोन्याची लिहू नका, पिवळ्या धातूची अंगठी असं लिहितात, आपण काय सोनार नाही, उद्या ती पितळेची निघाली तर बदलली कुणी हा प्रश्न तुमच्यावर येईल. पट्टा, बुटाच्या नाड्या, ओढणीसारखं काही जवळ ठेवू देऊ नका आणि ते काढून घेतल्याचं पण लिहा. घराची किंवा दुकानाची झडती असेल तर आता व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५, त्यामुळे निघायच्या आधी मोबाईल चार्ज आहे का, मेमरी रिकामी आहे का बघा, पंचासमोर चार टक्के बॅटरी घेऊन उभं राहणारे बघितलेत.

रस्त्यावर

गाडीची चावी काढून घेऊ नका, कॉलर धरू नका, तू तडाक करू नका. समोरचा शिव्या देत असेल तर बॉडी कॅमेरा किंवा मोबाईल चालू करा आणि आवाज खाली ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा आवाज चढलेला आहे ते नंतर सगळे ऐकतात. लोक तुमचं शूटिंग करत असतील तर मोबाईल हिसकावायचा नाही, तेवढीच क्लिप मग गावभर फिरते. अपघातात जखमीला दवाखान्यात आणणाऱ्या माणसाला नाव पत्ता सांगायची जबरदस्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४ अ आलंय त्याच्यासाठी. त्याला बसवून ठेवलंत तर पुढच्या वेळी तो गाडी न थांबवता निघून जाईल.

बंदोबस्तात, विसर्जन म्हणा मोर्चा म्हणा, पॉइंट सोडायचा नाही, लघवीला जायचं तरी शेजारच्याला सांगून. जमाव पांगवायचा आदेश कार्यकारी मॅजिस्ट्रेट, पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तो नसेल तर पीएसआयच्या खालचा नसलेला अधिकारी देतो, शिपायाने आपल्या मनाने लाठी चालवायची नाही. आदेश आला तर कमरेच्या खाली, आणि पळणाऱ्याच्या मागे एकटं धावायचं नाही.

पैसे, हप्ता याबद्दल वेगळं काय सांगू, १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे, लोकांच्या मोबाईलमध्ये एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) १०६४ नंबर सेव्ह असतो आणि ट्रॅप बहुतेक वेळा शिपायावर लागतो, कारण पाकीट हातात घेणारा तोच असतो. साहेबांसाठी घेतोय हे सांगून सुटका होत नाही. फुकटच्या चहावडापावने सुरुवात होते, तिथेच पैसे देऊन टाका, मालक नको नको म्हणेल, तरी द्या.

युनिफॉर्ममध्ये रील बनवायचं फॅड आलंय ते सोडा. आरोपीचा, मुद्देमालाचा, पीडितेचा फोटो तुमच्या ग्रुपवर पण टाकायचा नाही, बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पत्रकार मित्र असेल तरी माहिती साहेबांकडून घे म्हणा. १९६६ च्या कायद्याने पोलिसांना युनियन करण्यावर आणि प्रेसशी बोलण्यावर बंधनं आहेत, आणि १९७९ चे वर्तणूक नियम बाकीच्या सरकारी नोकरांसारखे आपल्याला पण आहेत, राजकीय पोस्ट, साइड बिझनेस, हुंडा सगळं त्यात येतं. मोडलं तर ताकिदीपासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकतं.

बेकायदेशीर आदेश आला तर काय, हा प्रश्न प्रत्येक बॅच विचारते. भांडू नका. सर स्टेशन डायरीला कशी नोंद घेऊ, एवढं नम्रपणे विचारा, स्टेशन डायरी म्हणजे ठाण्यातली रोजची नोंदवही. दहातल्या आठ वेळा राहू दे असं उत्तर येतं. नाहीच आलं तर खिशातल्या नोटबुकात वेळ, ठिकाण, कुणी काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहा, मागची तारीख टाकून नाही, आणि वरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा. कसुरी रिपोर्ट, म्हणजे तुमच्या चुकीचा लेखी अहवाल, निघेल कदाचित, त्याला उत्तर देता येतं.

ड्युटी सोडताना लॉकअपमधली माणसं, हत्यार आणि राउंड, वॉकीटॉकी, किल्ल्या हे स्वतः मोजून पुढच्याला द्या. तो मित्र असला तरी, आणि उशीर झाला म्हणून घरून फोन येत असला तरी. चार्ज घेताना पण तसंच, आणि एखादी गोष्ट कमी भरली तर सही न करता आधी ठाणे अंमलदाराला सांगून डायरीला घ्या.