मुळशी-वेल्ह्याच्या घराला सोलर? हिशोब जुलैचा धरा
पुण्याच्या पश्चिमेला, वीज न पोहोचलेल्या घरासाठी सोलरचा हिशोब एप्रिलच्या उन्हावर करू नका, जुलैच्या ढगांवर करा. ९ वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ८ तास, २४०. मोबाइल धरून रोज साधारण ४५०. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशा लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १८०० वॅट-तास मावतात, पण निम्म्याखाली उतरवू नका, तिचं आयुष्य घटतं. तरीही उन्हाशिवाय दोन दिवस निघतात. पॅनेल ३३० वॅटचं, तोंड दक्षिणेला, कल साधारण १८ अंश. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर मात्र एमपीपीटीच घ्या, तो पॅनेलची जवळपास सगळी ताकद बॅटरीत उतरवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावलात तर तो पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीइतकं खाली ओढतो आणि या पॅनेलची निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. आणि बॅटरीच्या अगदी जवळ डीसी फ्यूज हवाच.