एसओएसचा आलेख चढत नाहीये? या चुका टाळा

बडोद्यातल्या मे महिन्यातली दुपार. दांडिया बाजारात चिटपाखरू नाही आणि एमएस्सीची एक मुलगी माझ्यासमोर सपाट आलेख घेऊन उभी. "ताई, मायटोमायसिन दिलं, सिप्रो दिलं, रिपोर्टर ढिम्म हलत नाही."

डीएनएला इजा झाली की जीवाणू जी आणीबाणीची यंत्रणा चालू करतात ती एसओएस, आणि ती चालू झाली की मोजता येईल असं प्रथिन बनवणारं जनुक म्हणजे रिपोर्टर. मायटोमायसिन आणि सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) ही अशी इजा करणारी औषधं.

मी फक्त जीवाणूचा वाण विचारला. डीएच५-अल्फा, ई. कोलायचा क्लोनिंगसाठीचा वाण! मग कसा हलेल?

डीएनए तुटला की उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए प्रथिन चढतं. त्याच्या संगतीत लेक्सए हे दुसरं प्रथिन स्वतःलाच कापून घेतं आणि त्यानं दाबून ठेवलेली ४०हून अधिक जनुकं मोकळी होतात. १९७०च्या दशकात एव्हलिन विटकिन आणि मिरोस्लाव्ह रादमान यांनी मांडलेला हाच तो एसओएस प्रतिसाद. डीएच५-अल्फात रेकएच निकामी असतं, कारण क्लोनिंगवाल्यांना (जनुकांच्या प्रती काढणाऱ्यांना) तेच हवं असतं. वर त्याच्या गायरेजमध्ये, म्हणजे डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या प्रथिनात, असा बदल आहे की सिप्रोच्या जवळचं औषध असलेलं नॅलिडिक्सिक आम्ल त्याला बाधतच नाही. प्लास्मिड (डीएनएची छोटी कडी) वाढवायला तो ठेवा, पण मोजणी एमजी१६५५सारख्या रेकए शाबूत असलेल्या वाणात करा. आणि केवळ सूक्ष्मदर्शकात लांबलचक पेशी पाहून 'एसओएस झाला' म्हणू नका. एसओएसमध्ये बनणारं सुलए प्रथिन विभाजन थांबवतं म्हणून पेशी लांबतात हे खरं, पण विभाजन अडवणारं दुसरं काहीही तेच करतं.

वाण बरोबर असेल तर औषधाकडे वळा. मायटोमायसिनला उजेड सोसत नाही, त्यामुळे बाटलीला फॉइल गुंडाळायचंच. सिप्रोफ्लॉक्सासिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, किंचित आम्ल लागतं. नॅलिडिक्सिकला उलट अल्कली. सिप्रो दह्यादुधाबरोबर घेऊ नका असं डॉक्टर सांगतात ना? कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला धरून बसतात. माध्यमात मॅग्नेशियम जास्त पडलं की तिथेही तेच होतं. नळाच्या जड पाण्यात माध्यम बनवणारे वीर मी पाहिलेत.

"जास्त टाकलं तर जास्त चढेल" हा हिशेबही सोडा. मात्रा फार झाली की पेशी प्रथिनंच बनवू शकत नाही, मग रिपोर्टर कुठून बनणार? मारक मात्रेच्या खालपासून वरपर्यंत पाच-सहा मात्रा लावा. मधेच कुठेतरी टेकडी दिसेल.

यूव्ही देत असाल तर नंतर खिडकीपाशी ट्यूब ठेवू नका. उजेडात फोटोलायेज हे प्रथिन डीएनएच्या जखमा दुरुस्त करून टाकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एसओएस दाबणारी संयुगं शोधताना. आकडा खाली आला की पोरं उड्या मारतात. पण पेशी मेल्या तरी आकडा खालीच येतो. १९८२च्या एसओएस क्रोमोटेस्ट या चाचणीत म्हणूनच एसओएसचा रिपोर्टर असलेल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या जोडीनं, एसओएसवर अवलंबून नसलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज मोजतात आणि दोन्हींचं गुणोत्तर पाहतात. तुमच्याकडे ती सोय नसेल तर कायम चालू असणारा एखादा रिपोर्टर शेजारी ठेवा. दुसरी खूणगाठ: संयुगानं सिप्रो आणि मायटोमायसिन दोघांचाही प्रतिसाद उतरवला पाहिजे. फक्त सिप्रोचाच उतरला, तर ते कदाचित सिप्रोलाच बांधून ठेवतंय. झिंकच्या बाबतीत तर दोन्ही शक्यता आहेत: ते रेकएला खोडा घालतं आणि सिप्रोलाही पकडतं.

आणि आता हळद. आपल्याकडे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, घेऊन येतंच. बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजायला घातलेलं ओएनपीजी तुटून येणारा पिवळा रंग ४२० नॅनोमीटरवर मोजतात, आणि कर्क्युमिनही त्याच भागात रंग शोषतं. भरीस भर म्हणजे क्रिया थांबवायला आपण सोडियम कार्बोनेट घालतो. घरी कुणी कुंकू करताना पाहिलंय? हळदीला चुना लागला की लाल. तुमच्या ट्यूबमध्येही नेमकं तेच होतं, आणि कर्क्युमिन अशा अल्कलीत टिकतही नाही. जीवाणू न घालता फक्त संयुग आणि कार्बोनेट असलेली एक ट्यूब लावा. त्या मुलीनं पुढच्या आठवड्यात लावली, तर ती ट्यूब लालभडक.