केस गळतायत आणि डोकंही खाजतंय? मग या चुका टाळा

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकभर आंघोळीचं पाणी कढत होतं, डोक्यावरून न्हाणं आठवड्यावर जातं आणि पंचवटीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी वाढते: “ताई, कोंडा झालाय, केस फार गळतायत, एखादं चांगलं तेल द्या ना.” तेलाची बाटली काढण्याआधी मी विचारते, खाज, जळजळ आहे का? हात लावल्यावर दुखतं का? यातलं एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर आधी त्वचेवर उपचार हवा, केसांचं नंतर बघता येतं. केस ज्या मुळातून उगवतो, त्याच्याभोवती सूज असताना वरून काहीही चोळून उपयोग होत नाही.

तेल मुरवून कोंडा घालवायला जाणं

लालसर त्वचा आणि तेलकट, पिवळट खपल्या, शिवाय भुवयांत, नाकाच्या कडांना आणि कानामागेही तसंच, असं दिसलं तर तो बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो. मॅलेसेझिया नावाची बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही. अशा डोक्यावर रात्रभर तेल ठेवणं म्हणजे त्या बुरशीसाठी पंगत मांडणं. तेलाने खपल्या ओल्या होऊन दिसेनाशा होतात, म्हणून दिवसभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी खाज परत सुरू होते. लिंबू आणि कांद्याचा रस तर खाजवून सोललेल्या त्वचेला आणखी पेटवतो.

या प्रकारात किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू चांगला उपयोगी पडतो, पण बहुतेक जण तो चुकीचा वापरतात. केसांना फेस काढला, लगेच धुतला, झालं. तो केसांसाठी नाहीच. भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी त्वचेला लावायचा, ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग कोमट पाण्याने धुवायचा. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. खाज थांबली की बाटली फडताळात जाते आणि कोंडा परत येतो, कारण हा त्रास पुन्हा पुन्हा उलटणारा आहे. म्हणून नंतरही आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तो वापरावा लागतो.

खपल्या जाड, चंदेरी असतील आणि कपाळावर केसांच्या रेषेबाहेर उतरल्या असतील, तर सोरायसिसची शक्यता असते. त्या नखांनी किंवा बारीक फणीने ओरबाडू नका. जखम झाली की तिथे सोरायसिस वाढतो.

शेजारणीची ट्यूब लावणं

याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. खाजेची म्हणून ओळखली जाणारी ट्यूब बऱ्याचदा तीन औषधांची खिचडी असते: तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध. लावली की दोन-तीन दिवसांत लाली उतरते. माणूस खूश होतो, घरात सगळ्यांना लावायला सांगतो. पण स्टिरॉइड सूज दाबतं आणि त्याच्या आडून बुरशी पसरत राहते. डाग बदलतो, कडा पुसट होतात, मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. महिनोन्‌महिने वापरलं तर त्वचा पातळ होते.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट, असा नाही. सोरायसिसला आणि सुजेच्या इतर आजारांत त्वचारोगतज्ज्ञ तेच लिहून देतात, पण ठरावीक ताकदीचं आणि ठरावीक दिवसांसाठी. चिठ्ठीवर दोन आठवडे लिहिलं असेल तर तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या मनाने नवी ट्यूब मागू नका.

मुलांच्या खवड्यांवर नुसतं मलम लावणं

मुलाच्या डोक्यात एका जागी केस तुटून काळे ठिपके उरलेत, खपली धरलीय, मानेला गाठी आल्यात, हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. बुरशी केसाच्या आतपर्यंत शिरलेली असते, तिथवर मलम पोचत नाही. पोटात घ्यायची गोळी काही आठवडे लागते, आणि ती डॉक्टरांनीच मुलाच्या वजनानुसार ठरवायची. कधीकधी पू भरलेला मऊ फुगवटा येतो आणि घरचे गळू समजून कापायला नेतात. बुरशीमुळे आलेला असला तर त्याला चिरा देणं हा उपचार नाही. वेळ गेला तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो. घरात फणी, टोपी आणि टॉवेल वेगळे ठेवा आणि भावंडांची डोकी उजेडात तपासा.

चाई आहे, येतील केस, म्हणून वाट बघणं

चाईत गोल, गुळगुळीत चट्टा पडतो, पण सहसा लाली नसते, दुखत नाही आणि मुळं शाबूत असतात. त्यामुळे केस परत येऊ शकतात. लायकेन प्लॅनोपिलॅरिससारख्या आजारात मात्र सूज मुळातल्या पेशीच नष्ट करते. तिथे व्रण धरला की केस येत नाही. उपचाराने उरलेले केस वाचवता येतात, म्हणून इथे घाई हवी.

घरी बघायचं झालं तर खिडकीजवळ बसा, टाळूवर भांग पाडा आणि कुणाला तरी मोबाइलने जवळून फोटो काढायला सांगा. केसांच्या बुंध्याशी लाल कडं किंवा पांढरी खपली दिसतेय का? टक्कल पडलेल्या जागी त्वचेची बारीक छिद्रं दिसतात, की ती चकचकीत, सपाट झालीय? छिद्रं दिसत नसतील, किंवा तिथे आग होत असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पाळी गेलेल्या काही बायकांत कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते आणि भुवयाही विरळ होतात, तेही वयाचं म्हणून सोडू नका.

डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर घाबरू नका. जागा बधिर करून तपासणीसाठी त्वचेचा साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा घेतात.

सुजलेल्या डोक्यावर डाय आणि मिनॉक्सिडिल

डायमधल्या आणि बऱ्याच काळ्या मेंदीतल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी झाली की डोकं खाजतं, पाझरतं, पापण्या सुजतात. एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. लग्नसराईत ‘एवढ्या वेळेपुरतं’ म्हणून पुन्हा लावू नका. मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्यासाठी लावायचं औषधही त्वचा शांत झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने काहींची खाज वाढते.

डॉक्टरांकडे जाताना

आदल्या दिवशी तेल, डाय काही लावू नका. खपल्या घासून काढू नका, त्या त्यांना बघायच्या असतात. लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं असेल तर सांगा, त्याची केसगळती तेवढ्याच अंतराने सुरू होते. केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्याने थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते. उपचार लागू पडला की आधी खाज आणि आग कमी होते, मग लाली. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटरच वाढतो, त्यामुळे भांगात फरक दिसायला काही महिने जातात. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच भांगाचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा.