डिझाइन आणि कोडिंगसाठी नवा लॅपटॉप घेताय? दुकानात जाताना छापलेलं लेबल खिशात ठेवा

चादरीच्या पॅकिंगवरचं लेबल होतं. मरून रंग माझ्या स्क्रीनवर विटकरी दिसत होता, म्हणून मी त्यात थोडा थोडा निळा वाढवत गेलो. स्क्रीनवर अगदी हवा तसा मरून जमला आणि छापून आलं ते वांगी रंगाचं. २ हजार लेबलं रद्दीत गेली. छापखान्याशी भांडायला गेलो, तर तिथल्या अण्णांनी माझीच फाइल त्यांच्या मॉनिटरवर उघडून दाखवली. तिथेही वांगीच. खोट माझ्या लॅपटॉपच्या पडद्यात होती.

तो लॅपटॉप घेताना मी प्रोसेसर बघितला, रॅम बघितली, पडद्याचं नावही काढलं नाही. नवा घेताना क्रम उलटा केला. आधी नंतर बदलता येत नाही ते बघायचं, बदलता येतं ते शेवटी. तुम्ही दिवसा डिझाइन आणि रात्री कोडिंग अशी दोन्ही कामं करत असाल, तर हाच क्रम धरा.

आधी जुन्याची नाडी बघा

नेहमीचं सगळं काम एकदम उघडा: डिझाइनचं सॉफ्टवेअर, कोड एडिटर, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब. मग टास्क मॅनेजर उघडून कुठला आकडा छताला टेकतोय ते बघा. फक्त मेमरी भरत असेल आणि लॅपटॉपमध्ये रॅमचा रिकामा स्लॉट असेल, तर नव्याची घाई नको. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची असेल, तर एसएसडी (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) बसवल्यावर तोच लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका बदलतो.

आपल्याकडे सोलापुरात आणखी एक भानगड असते. यंत्रमागाच्या कारखान्यालगत घर किंवा ऑफिस असेल, तर कापसाचे बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतात. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पंख्यातून निघालेल्या गोळ्याची वात झाली असती. साफ करून, थर्मल पेस्ट बदलून बघा. त्यावर आणखी एक वर्ष निघालं तर पैसे वाचले.

मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गिऱ्हाइकांचे पासवर्ड आणि कोड ज्यात आहे, ते मशीन अशा अवस्थेत ओढत नेऊ नये.

सॉफ्टवेअरची यादी कागदावर लिहा

या पायरीला लोक हसतात आणि नंतर फसतात. जॅकार्ड डिझाइनची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, बरीच सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. मराठी डीटीपीची जुनी पॅकेजं आणि काही डिझाइन सॉफ्टवेअर यूएसबीच्या डोंगलवर चालतात, म्हणजे परवान्याची ती छोटी कांडी लावल्याशिवाय उघडत नाहीत. तो डोंगल चौकोनी, जुन्या पद्धतीच्या पोर्टचा असतो. कित्येक सडपातळ लॅपटॉपना ते पोर्टच नसतं. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला छान आहेत, पण जुन्या डोंगलचा ड्रायव्हर त्यांच्यावर चालेलच असं नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला आधी फोन करा.

आयफोनची अ‍ॅप बनवायची असतील तर एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. तिथे वादच नाही. वेबसाइट आणि अँड्रॉइडचं काम दोन्हीकडे होतं.

पडदा: इथे कंजुषी नको

स्पेसिफिकेशनच्या यादीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं की डिझाइनवाल्याने पुढे चालायला लागावं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची मापं. असा पडदा एसआरजीबीतले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो; लाल, मरून, भगवे सगळे फिके पडतात. तुम्हाला हवा तो ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला. यादीत रंगांबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर पडदा सामान्य आहे असं धरून चाला. चांगला असता तर कंपनीने ठळक छापलं असतं.

‘आयपीएस’ एवढ्यावर भुलू नका. आयपीएस म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत, एवढंच. आयपीएस असून ४५ टक्केवाले पडदे बाजारात ढिगाने आहेत. उजेड किमान ३०० निट्स हवा. उंचीला जरा जास्त असलेला, म्हणजे १६:१० चा पडदा मिळाला तर कोडच्या चार ओळी जास्त दिसतात. ओएलईडी प्रकारच्या पडद्याचे रंग सुरेख असतात, पण एकाच जागी दिवसभर टूलबार उघडा राहिला तर काही वर्षांनी त्याचा डाग उमटू शकतो. माझं निम्मं आयुष्य एडिटरच्या त्याच त्या पट्ट्यांसमोर जातं, म्हणून मी तो घेतला नाही.

आता खिशातलं लेबल काढा. छपाई बरोबर आलेलं एखादं जुनं लेबल आणि त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. दुकानातल्या पिवळ्या-निळ्या दिव्यांखाली नाही, दाराजवळ दिवसाच्या उजेडात लॅपटॉप उघडायला सांगा. ब्राइटनेस वाढवा, रंग भडक करणारा मोड बंद करा आणि लेबल पडद्याशेजारी धरा. तंतोतंत जुळणार नाही, कारण शाई आणि उजेड या वेगळ्या गोष्टी आहेत. पण मरून मरूनच दिसला पाहिजे. नवी पेठेत मी हे केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “लेबल कशाला ओ, लग्नाची साडी जुळवताय का?” तिसऱ्या लॅपटॉपला मात्र तो स्वतःच खुर्ची घेऊन दाराशी बसला.

रॅम: किती, यापेक्षा कशी

दोन्ही कामांसाठी १६ जीबी ही सुरुवात समजा. अँड्रॉइडचा एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन), ब्राउझर आणि फोटोशॉप एकत्र चालवणार असाल, तर ३२ जीबीपर्यंत जायची सोय हवी. विचारायचा प्रश्न एकच: रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये? सोल्डर असेल तर आज घेतलेली तीच शेवटपर्यंत. मॅकमध्येही नंतर वाढवता येत नाही. अशा वेळी जास्तीचे पैसे आजच घाला.

स्लॉटवाल्यात १६ ची एक पट्टी आणि ८-८ च्या दोन यांत फरक पडतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप रॅमचाच वाटा ग्राफिक्ससाठी वापरतो आणि एका पट्टीवर त्याला डेटाचा रस्ता अर्धाच मिळतो. एसएसडी ५१२ जीबी पुरते, दुसरा स्लॉट असेल तर नंतर वाढवा.

प्रोसेसरच्या नावाला फसू नका

‘रायझन ५’ किंवा ‘आय ५’ हे आडनाव झालं, माणूस कळत नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा, त्यावरून आतल्या रचनेची, म्हणजे ‘झेन’ची पिढी कळते: ७५२० यू मध्ये जुनं झेन २ आहे, ७५३० यू मध्ये झेन ३ आणि ७५४० यू मध्ये झेन ४. नावात तफावत एका आकड्याची, आत पिढ्यांचा फरक. इंटेलमध्ये शेवटी ‘यू’ असेल तर बॅटरी जपणारा, ‘एच’ असेल तर जोराचा आणि तापणारा.

ग्राफिक्स कार्ड कोडिंगला लागत नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल यांचंही त्यावाचून अडत नाही. थ्रीडी, व्हिडिओ किंवा घरीच एआय मॉडेल चालवणं असेल तरच घ्या, आणि कार्डाला किती वॉट वीज मिळते ते विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हेच कार्ड ३५ वॉटवरही येतं आणि ११५ वरही.

मे महिना डोळ्यांसमोर आणा

अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगतं. सोलापुरात मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीचं तर विचारूच नका. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. एसीत किंवा हलक्या कामाला उत्तम, पण वरच्या मजल्यावर दुपारभर जड फाइल घोटायची असेल तर पंखेवाला बरा. दुकानात तुमची सर्वांत जड फाइल उघडून वीस मिनिटं काम करा. की-बोर्डचा मधला भाग हाताला किती लागतो ते तेव्हाच कळतं. हवा खालून ओढणारा लॅपटॉप असेल, तर चादरीवर ठेवायचा नाही, मग ती कितीही सोलापुरी असो.

वीज गेली की बॅटरी आहेच, पण राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस घेऊन ठेवा, तो लॅपटॉपइतकाच कामाचा ठरतो.

सर्व्हिस कुठे मिळणार?

वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे, म्हणजे माणूस तुमच्याकडे येऊन दुरुस्त करतो, की लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचा, हे विचारा. मग कंपनीच्या वेबसाइटवर तुमचा पिनकोड टाकून स्वतः खात्री करा. दुकानदाराच्या “येतो की ओ माणूस घरी” यावर सोडू नका. एका किरकोळ बिजागरीसाठी माझा जुना लॅपटॉप पुण्याला गेला आणि मी तीन आठवडे पुतण्याच्या कॉम्प्युटरवर काम केलं. रोजगार त्याच मशीनवर असेल तर वाढीव ऑनसाइट वॉरंटीचे पैसे मनाला लावून घेऊ नका.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर घालायला सांगा. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे आणि धंद्यासाठी घेतला तर तो क्रेडिटमध्ये मिळतो. नंतर बिल बदलून मागायला गेलं की चकरा सुरू होतात.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदाभर रंग लावून मेलेले पिक्सेल शोधा. सगळी पोर्टं, कॅमेरा आणि माइक तपासा. डोंगल लावून सॉफ्टवेअर खरोखर उघडतंय का ते बघा. खोकं आणि थर्माकोल बदलून द्यायची मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाकू नका. जुना लॅपटॉप महिनाभर तरी विकू नका; एखादा फॉन्ट किंवा एखादी लायसन्स-की त्याच्यातच राहिलेली असते, आणि ती आठवते नेमकी छपाईच्या आदल्या रात्री.