सनद मिळाल्यावरची पहिली तीन वर्षं

सनद (वकिलीचा परवाना) हातात आली की ‘कुणाकडे बसायचं?’, म्हणजे कोणत्या सीनिअर वकिलाच्या हाताखाली शिकायचं, हा प्रश्न येतो. त्याआधीच्या दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, सनद घेताना भरायची नोंदणीची फी: ती खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. त्याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. दुसरी गोष्ट अखिल भारतीय बार परीक्षा. प्रश्न १००, चुकीला गुण कापत नाहीत, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. टिपणं नसलेले बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं) सोबत नेता येतात, आणि तिथेच बरेच जण फसतात: प्रत्येक उत्तर पुस्तकात शोधत बसतात. नव्या फौजदारी संहितांचे कलम क्रमांक घोटून जा. अटकपूर्व जामीन आता ४३८ नाही, ४८२.

आता सीनिअर. नावावर जाऊ नका. आठवडाभर कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि त्यांची कामं पुराव्यापर्यंत पोहोचतात की नुसत्या तारखा पडतात, ते पाहा. उलटतपास ऐकायला मिळणार नसेल तर तिथे बसून तुम्ही फक्त तारखा घ्यायला शिकाल. मानधनाचं पहिल्याच दिवशी विचारा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये दरमहा सुचवले, पण ती शिफारसच आहे.

मानधनापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे वकीलपत्रावर (पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर) तुमचं नाव येणार का? मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. ती तात्पुरत्या (बार परीक्षेआधीच्या) नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. त्यासाठी प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची पुष्टी लागते. म्हणून डायरीत रोज तारीख, सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ऑनलाइन ओळख क्रमांक), स्टेज आणि आपण काय केलं, हे लिहा. रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत) आपली हजेरी येते ना, बघा. ऑफिस बदलायचं असेल तर निघण्यापूर्वीच दाखला घ्या. नंतर मागायला जाणं जड जातं.

पहिल्या वर्षात रोजनामा वाचणं, नकलेचा अर्ज आणि निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) म्हणणं देणं हाताखालून गेलं पाहिजे. मग कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, फार तर ९० (व्यापारी दाव्यात १२०). ज्युनिअर मुदतीचे अर्ज देत राहतो आणि एक दिवस विनाकैफियत (कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा) आदेश होतो. तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वर बहुधा कॉस्ट (कोर्टाने भरायला लावलेला खर्च).

दुसरी चूक मसुद्यातली. ‘दाव्यातील सर्व मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ एवढ्यावर भागवू नका. जे विधान नेमकेपणाने नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं. ‘कलम ३ मधील मोजणीची तारीख नाकबूल, मोजणी झाली तेव्हा प्रतिवादीला नोटीस नव्हती’ असं दाव्याच्या प्रत्येक कलमाला (परिच्छेदाला) वेगळं उत्तर द्या.

कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरायची असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ लक्षात ठेवा: बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. न्यायाधीश परीक्षा डोक्यात असेल तर तीन वर्षं आधी भरा, नोकरी मग बघा.